नोहाचा प्रलय आणि निनेवेची वीट

१८७२ सालच्या डिसेंबरची ३ तारीख. लंडन येथील बायबलविषयक पुराणवस्तुसंशोधन मंडळाची सभा त्या दिवशीं भरली होती. मंडळ स्थापन होऊन जेमतेम दोन वर्षें झालीं होतीं. तरी त्या दिवशीं खुद्द मुख्य प्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत येऊन बसले होते. वक्ता होता बत्तीस वर्षांचा एक गृहस्थ. विद्यापीठाची पायरी तो कधीं चढला नव्हता. त्याचें शिक्षण झालें होतें तें बँकेच्या नोटांचे ठसे कोरण्याच्या कारखान्यांत. त्याचें नांव जॉर्ज स्मिथ. ब्रिटिश म्यूझियममधील एका फुटक्या विटेवर जगबुडीची कथा सांपडली आहे आणि ती बायबलांतील नोहाच्या कथेशीं जुळते, एवढेंच त्याला सांगावयाचें होतें.

हें ‘एवढेंच’ त्या काळच्या इंग्लंडांत केवढें मोठें होतें, हें कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

बायबलाच्या पहिल्या पुस्तकास आपल्याकडील ख्रिस्ती वाचक ‘उत्पत्ति’ या नांवानें ओळखतात. मनुष्यजात पापानें भ्रष्ट झालेली पाहून ईश्वर जलप्रलय आणतो. नोहा नांवाच्या एका नीतिमान् पुरुषास मात्र तारूं बांधण्याची आज्ञा होते. तो आपलें कुटुंब आणि प्राण्यांच्या जोड्या घेऊन तारवांत शिरतो. पाणी ओसरल्यावर तारूं अरारातच्या डोंगरावर टेकतें. नोहा पक्षी सोडून जमिनीचा अंदाज घेतो आणि बाहेर पडून होम करतो. ही कथा तेथें आहे. सतराव्या शतकांत आर्चबिशप अशर यानें बायबलांतील वंशावळींचा हिशेब करून जगाची उत्पत्ति ख्रिस्तपूर्व ४००४ मध्यें आणि प्रलय ख्रिस्तपूर्व २३४८ च्या सुमारास झाल्याचें ठरविलें. पुढें हे आंकडे इंग्रजी बायबलाच्या समासांत छापले जाऊं लागले. त्यामुळें शास्त्रवचन कोणतें आणि आर्चबिशपांचें गणित कोणतें, हा भेद सामान्य वाचकाच्या मनांतून पुसला गेला. समासांतील आंकडा ढळला कीं आंतील वचनही ढळलें, असें त्याला वाटूं लागलें. पुढच्या पुष्कळशा वादाचें मूळ या छपाईंत आहे, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

प्रलयाच्या कथेस पहिला धक्का दिला तो भूगर्भशास्त्रानें. आणि विशेष हा कीं तो देणारे लोक नास्तिक नव्हते. विल्यम बकलंड हा ऑक्सफर्ड येथें भूगर्भशास्त्र शिकवी, आणि तो दीक्षा घेतलेला धर्मोपदेशकही होता. १८२१ सालीं यॉर्कशायरांत कर्कडेल येथें एका गुहेंत तरसांचीं हाडें आणि त्यांच्याबरोबर हत्ती, गेंडे इत्यादि प्राण्यांचीं कुरतडलेलीं हाडें चिखलाच्या थराखालीं सांपडलीं. बकलंडनें जिवंत तरसापुढें हाडें टाकून त्याच्या दातांच्या खुणा ताडून पाहिल्या, आणि ती गुहा म्हणजे तरसांची बीळच होती असें सिद्ध केलें. येथवर सर्व ठीक होतें. परंतु वरचा चिखल नोहाच्या प्रलयाचा, असा निष्कर्ष त्यानें १८२३ सालच्या आपल्या ग्रंथांत काढला. केंब्रिजचा प्राध्यापक ॲडम सेजविक हाही पाद्री, आणि त्याचेंही मत तेंच होतें. धार्मिक घरांतून समाधान पसरलें कीं शास्त्र आणि शास्त्रवचन एक झालें.

हें समाधान फार दिवस टिकलें नाहीं. निरनिराळ्या ठिकाणचे गोटे, वाळू आणि चिखल तपासतां तपासतां असें दिसूं लागलें कीं हे थर एका काळचे नाहींत. शिवाय ज्या प्रलयांत मनुष्यजात बुडाली म्हणावयाचें, त्याच्या थरांत माणसाचीं हाडें सांपडेनात. १८३१ सालीं भूगर्भशास्त्र मंडळाचें अध्यक्षपद सोडतांना सेजविकनें भर सभेंत आपलें मत परत घेतलें. जी चूक आपण पदरीं बाळगली, इतकेंच नव्हे तर इतरांच्याही गळीं उतरविली, ती आपली आपण जाहीर केली पाहिजे असें त्याला वाटलें. १८३६ सालीं बकलंडनेंही तेंच केलें. पुढें १८४० च्या सुमारास स्विस शास्त्रज्ञ अगासी यानें दाखविलें कीं ज्या थरांना प्रलयाचे म्हणत, ते बहुतेक प्राचीन हिमनद्यांनीं वाहून आणलेले आहेत, आणि बकलंड त्याच्याबरोबर स्कॉटलंडच्या डोंगरांतून हिंडला. दोघांपैकीं एकानेंही धर्मोपदेशकाचा झगा उतरविला नाहीं. बकलंड तर १८४५ सालीं वेस्टमिन्स्टरचा डीन झाला.

पण सामान्य भाविकाच्या हातून एक आधार गेला तो गेलाच. त्यांत १८५९ सालीं डार्विनचा ग्रंथ निघाला. १८६२ सालीं नाताळचा बिशप कोलेंझो यानें मोशेच्या पुस्तकांतील आंकडे गणिताला उतरत नाहींत असें छापून प्रसिद्ध केलें. त्याची हकीकत मोठी बोलकी आहे. जलप्रलयाची कथा झुलू भाषेंत उतरवीत असतां मदतीस असलेल्या झुलू गृहस्थानें त्याला विचारलें कीं, हें सर्व खरोखरच असें घडलें काय? बिशप भूगर्भशास्त्र वाचलेला होता. ‘होय’ असें त्याच्या तोंडून निघेना. त्या एका प्रश्नानें त्याला पुस्तकें लिहावयास लाविलें, आणि धर्मपीठापुढें खटलाही भोगावयास लाविला.

भूगर्भशास्त्र असें उलटत असतां एक नवें शास्त्र मात्र मित्र होऊन आल्यासारखें दिसत होतें. तैग्रीस नदीच्या कांठीं, मोसलनजीक, लेयार्डनें १८४५ पासून आणि पुढें मोसलचाच रहिवासी असलेल्या हर्मझद रस्सामनें असुर राजांचे वाडे उकरून काढले. त्यांवरील लिपि खिळ्याच्या आकाराच्या खुणांची. ती उलगडण्यांत ज्यांचा मोठा वांटा, त्यांत हेन्री रॉलिन्सन हा अग्रगण्य होय. हा १८२७ सालीं सतराव्या वर्षीं कंपनीच्या नोकरींत मुंबईस आला. मुंबईचे नवे गव्हर्नर सर जॉन माल्कम त्याच जहाजावर होते. त्यांच्या सहवासांत त्याला फारसीची गोडी लागली. पुढें इराणांत नेमणूक झाल्यावर बेहिस्तुनच्या उंच कड्यावरील दरायस बादशहाचा त्रिभाषी लेख त्यानें जिवावर उदार होऊन उतरवून घेतला. लिपि खरोखरच वाचतां येते कीं हा विद्वानांचा खेळ आहे, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. म्हणून १८५७ सालीं एकच लेख चार पंडितांकडून स्वतंत्रपणें भाषांतर करवून मोहोरबंद पाकिटांत मागविला गेला. पाकिटें फोडलीं तों चौघांचा अर्थ बव्हंशीं एकच निघाला.

या लेखांतून बायबलांतील राजे एकामागून एक जिवंत होऊन उठले. इस्राएलचा येहू काळ्या स्तंभावर खंडणी देतांना निघाला. यहूदाच्या हिज्कीयानें सन्हेरीबास सोन्याचीं तीस किक्कार दिलीं असें बायबल सांगतें. सन्हेरीबाच्या स्वतःच्या लेखांतही सोन्याचा आंकडा तीसच आहे. रुप्याच्या आंकड्यांत फरक आहे: बायबलांत ३००, असुरांकडे ८००, पण देणारा आणि घेणारा यांच्या हिशेबांत इतका फरक कोठेंही पडतो! यरुशलेमास वेढा दिल्याचें सन्हेरीब फुशारकीनें सांगतो, जिंकल्याचें मात्र सांगत नाहीं. भाविकांना आनंद होणें साहजिक होतें. तरीही हें शास्त्र कोणाच्या पक्षाचें वकील नव्हतें. असुरांच्या वर्षनामावळींत एका खग्रास सूर्यग्रहणाची नोंद आहे. ज्योतिर्गणितानें तें ख्रिस्तपूर्व ७६३ च्या १५ जूनचें ठरतें. त्या खुंटीस सर्व कालगणना बांधली तेव्हां अशरनें दिलेले इस्राएलच्या राजांचे काळ सुमारें चाळीस वर्षांनीं खालीं ओढावे लागले. राजे खरे ठरले, समासांतील सनावळी खोटी ठरली.

अशा वेळीं जॉर्ज स्मिथ रंगभूमीवर आला. १८४० सालीं चेल्सी येथें गरीब घरांत त्याचा जन्म झाला. चौदाव्या वर्षीं तो ठसे कोरण्याच्या कामावर उमेदवार म्हणून लागला. दुपारच्या सुटींत इतर कामगार जेवत, त्या वेळांत हा ब्रिटिश म्यूझियम गांठी आणि निनेवेच्या विटांपुढें उभा राही. बारीक कोरकाम करणाऱ्याची नजर. पंडितांना न दिसणाऱ्या खुणा त्याला दिसत. म्यूझियमच्या अधिकाऱ्यांच्या हें लक्षांत आलें, रॉलिन्सननें पाठीवर हात ठेवला, आणि १८६७ सालीं त्याला तेथें नेमणूक मिळाली. सम्राट् असुरबनिपाल यानें ख्रिस्तपूर्व सातव्या शतकांत जमविलेल्या ग्रंथालयाचे हजारों तुकडे तेथें पेट्यांत पडून होते. ते जुळविणें हें त्याचें काम.

१८७२ च्या नोव्हेंबरांत अशाच एका तुकड्यावर, डोंगरावर टेकलेल्या नावेचा आणि विसांवा न मिळाल्यामुळें परत आलेल्या पारव्याचा उल्लेख त्याच्या दृष्टीस पडला. विटेचा कांहीं भाग चुनखडीच्या पुटानें झांकलेला होता, आणि तें पूट काढणारा कुशल कारागीर नेमका बाहेर गेला होता. स्वभावानें आधींच उतावीळ असलेल्या स्मिथला ते दिवस काढणें किती जड गेलें असेल! अखेर वीट साफ होऊन हातांत आली. खालच्या ओळी वाचून झाल्यावर तो खोलींत येरझारा घालूं लागला आणि अंगावरचे कपडे काढूं लागला, अशी आख्यायिका त्या म्यूझियमांतील मंडळींत पुढें सांगितली जाई. ती अक्षरशः खरी असो वा नसो. दोन हजारांहून अधिक वर्षें कोणीही न वाचलेली कथा प्रथम वाचणारा मनुष्य आपण आहों, ही जाणीव शांतपणें सोसणें कठीणच.

ही वीट सुमारें वीतभर लांबीची. तिच्यावरील कथेंत इआ नांवाचा देव एका भक्तास, देवांनीं प्रलयाचा बेत केला असल्याची सूचना देतो. भक्त मोठी नाव बांधतो, डांबरानें लिंपतो, आप्त, कारागीर आणि पशु आंत घेतो. सहा दिवस आणि सात रात्रीं तुफान होतें. नाव डोंगराला लागते. मग पारवा सोडला जातो, तो परततो, पाकोळी परतते, डोमकावळा मात्र परतत नाहीं. भक्त यज्ञ करतो आणि उपाशी देव त्या वासानें माशांसारखे गोळा होतात.

साम्य इतकें कीं योगायोग म्हणवत नाहीं. पक्ष्यांची युक्ति आपल्या शतपथ ब्राह्मणांतील मनु आणि मत्स्य यांच्या कथेंत नाहीं. ती या दोन कथांतच आहे. पण भेदही तितकेच बोलके. उत्पत्तीच्या पुस्तकांत पाऊस चाळीस दिवसांचा, तारूं तीनशें हात लांब. विटेवरील नाव लांबी, रुंदी, उंची सारखी, म्हणजे चौरस पेटीसारखी. आणि यांहून मोठा भेद असा कीं विटेवर देव पुष्कळ आहेत, ते एकमेकांस फसवितात, आपणच आणलेल्या पुरास भिऊन कुत्र्यांसारखे अंग चोरून बसतात. उत्पत्तींत ईश्वर एक आहे, आणि तो नीतीचा न्याय करतो. कथा तीच, तिच्यांतला देव निराळा.

व्याख्यान झालें आणि दोन्ही पक्षांनीं तीच वीट उचलली. भाविक म्हणाले, नोहाचा प्रलय घडल्याची ही साक्ष. परधर्मी साक्षीदार असल्यामुळें तर ती अधिकच बळकट. संशयवादी म्हणाले, मोशेची कथा बाबिलोनाकडून उसनी घेतल्याचा हा पुरावा. वस्तुतः विटेनें या दोहोंपैकीं कांहींच सांगितलें नव्हतें. असुरबनिपालाच्या लेखकांनीं ती जुन्या प्रतीवरून उतरली होती. कथा फार प्राचीन आहे आणि मेसोपोटेमियांत ती घरोघर ठाऊक होती, एवढेंच तिच्यावरून निघत होतें. पण इतक्या थोड्यावर समाधान मानण्याची तयारी त्या दिवसांत फारच थोड्यांची होती.

विटेंतील गहाळ ओळी शोधण्यासाठीं ‘डेली टेलिग्राफ’ पत्रानें एक हजार गिनी देऊं केल्या. ही सूचना पुढें आणली एडविन आर्नल्ड यानें. हा आर्नल्ड म्हणजे पुण्याच्या सरकारी कॉलेजाचा, पुढें जें डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलें त्याचा, एके काळचा प्रिन्सिपॉल. १८६१ सालीं तो विलायतेस परतून या पत्रांत दाखल झाला होता. बुद्धचरित्रावरील त्याचें काव्य पुढें १८७९ सालीं जगभर गाजलें, तें निराळें.

१८७३ च्या जानेवारींत स्मिथ निघाला. तुर्की अधिकाऱ्यांच्या परवान्याच्या खटपटींत दिवस गेले. अखेर मे महिन्यांत तो निनेवेच्या कुयुंजिक टेकाडावर खणूं लागला, आणि १४ तारखेच्या संध्याकाळीं दिवसाचे तुकडे पुसून पाहतां पाहतां त्याला प्रलयकथेच्या सतरा ओळींचा एक तुकडा मिळाला. ढिगाऱ्यांतून नेमका हवा तोच तुकडा आठ दिवसांत सांपडावा, हें दैवाचें कौतुकच! त्यानें तार केली. छापलेल्या तारेंत मात्र, हंगाम संपत आला आहे अशा अर्थाचे शब्द आले. ते आपले नव्हेत असें स्मिथनें पुढें लिहून ठेवलें आहे. पत्राच्या मालकांस हवें तें मिळालें होतें. त्यांनीं त्याला परत बोलाविलें. लोकांची खात्री झाली कीं विटेंतील भोंक बुजलें.

तें बुजलें नव्हतें. तो तुकडा त्या कथेचा नव्हताच. तो अत्राहासीस नांवाच्या दुसऱ्या, याहून जुन्या काव्याचा होता. पण हें उलगडण्यास पुढच्या पिढ्यांचे श्रम लागले. या काव्याच्या ख्रिस्तपूर्व सतराव्या शतकांतील प्रति मिळून त्याचें मोठें संपादन १९६९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत प्रलयाचें कारण मनुष्याचें पाप नाहीं; माणसें फार वाढलीं आणि त्यांच्या गलबल्यानें थोरल्या देवाची झोंप मोडूं लागली, हें आहे! उत्पत्तीच्या लेखकानें जुनी कथा घेऊन तिच्यांत काय पालटलें, हें यामुळें प्रथमच स्पष्ट दिसलें. स्मिथच्या विटेवरील कथाही स्वतंत्र नसून एका मोठ्या महाकाव्याचा अकरावा फलक ठरली. त्यांतील नायकाचें नांव स्मिथ ‘इझ्दुबार’ असें वाचीत असे. तें ‘गिल्गमेश’ असल्याचें १८९० सालीं कळलें.

हें पाहण्यास स्मिथ उरला नव्हता. तिसऱ्या सफरींत, पटकी व उन्हाळा यांचा विचार न करतां तो वाळवंटांत राहिला, आणि १८७६ च्या १९ ऑगस्टला अलेप्पो येथें आमांशानें वारला. वय अवघें छत्तीस. मागें बायको आणि लहान मुलें होतीं. सरकारनें त्यांना वर्षाला दीडशें पौंडांचें वेतन करून दिलें.

घाई करणारे पुढेंही झाले. १९०२ सालीं बर्लिनमध्यें जर्मन बादशहासमोर फ्रीड्रिख डेलिच या पंडितानें व्याख्यान देऊन बायबलाची थोरवी बाबिलोनाच्या पदरांत टाकली. तो एका नाणावलेल्या भाविक बायबलपंडिताचा मुलगा होता; एवढा गदारोळ झाला कीं बादशहास प्रसिद्ध पत्र लिहून आपली श्रद्धा शाबूत असल्याचें सांगावें लागलें. १९२९ सालीं दुसऱ्या टोंकास तीच गोष्ट घडली. ऊर येथें खणीत असतां लेनर्ड वुली यास आठ ते अकरा फूट जाडीचा स्वच्छ गाळाचा थर लागला. खालीं आणि वर मनुष्यवस्तीच्या खुणा. नोहाचा प्रलय सांपडला, अशा बातम्या जगभर झळकल्या. पण उरांतल्याच कांहीं खड्ड्यांत तो थर नव्हता. थोड्याच मैलांवरील एरिदूस त्याचा मागमूस नव्हता. किश आणि शुरुप्पक येथील पुराचे थर शेंकडों वर्षांनीं पुढचे निघाले. फरात आणि तैग्रीस यांच्या सपाट खोऱ्यांत पूर वारंवार येत, आणि त्यांपैकीं एकादा लोकांच्या स्मृतींत खोल रुतला असावा, याहून अधिक त्या गाळांतून काढतां येत नाहीं.

या सर्वांतून श्रद्धेचें काय झालें? ती एका वाटेनें गेली नाहीं. १९०४ सालीं ऑक्सफर्डचा एस. आर. ड्रायव्हर, जो स्वतः धर्मगुरु होता, त्यानें उत्पत्तीवरील भाष्यांत प्रलयकथेचें मूळ बाबिलोनी असल्याचें मोकळेपणानें मान्य केलें, आणि कथेंतील धर्मतत्त्व तेवढ्यानें कमी होत नाहीं असें प्रतिपादन केलें. १९४३ सालीं पोप बारावे पायस यांनीं आपल्या परिपत्रांत कॅथलिक अभ्यासकांस सांगितलें कीं प्राचीन पूर्वेकडील लोक कोणत्या कोणत्या रीतीनें लिहीत, तें आधीं पहा. आजच्या इतिहासकाराचें माप त्यांस लावूं नका. याच्या उलट १९६१ सालीं अमेरिकेंत एक धर्मपंडित आणि एक इंजिनियर यांनीं मिळून ग्रंथ लिहिला आणि जगांतील बहुतेक गाळाचे खडक नोहाच्या एका वर्षांत घडले असा पक्ष पुनः मांडला. सेजविकनें १८३१ मध्यें जें सोडलें तें त्यांनीं उचललें. अरारातवर तारवाच्या फळ्या शोधणारेही अधूनमधून निघतातच. त्यांच्या निष्ठेबद्दल संशय घेण्याचें कारण नाहीं. पण पुरावा सांपडेपर्यंत श्रद्धा थांबवून ठेवावयाची, असा जो त्यांच्या शोधाचा अर्थ होतो, तो नोहाच्या कथेंतल्या नोहाला मानवला नसता. त्यानें पावसाचा थेंब पडण्यापूर्वींच तारूं बांधावयास घेतलें होतें.

विटा मात्र अजून बोलत आहेत. २०१४ सालीं ब्रिटिश म्यूझियमचे अर्व्हिंग फिंकेल यांनीं सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वींची एक छोटी वीट वाचून प्रसिद्ध केली. तींत देव भक्तास जी नाव बांधावयास सांगतो ती वाटोळी आहे. काथ्याच्या दोरांची वळलेली, डांबरानें लिंपलेली, तुंगभद्रेवर टोपलीसारख्या नावा चालतात त्या घडणीची. तैग्रीसवर अशा नावा विसाव्या शतकापर्यंत चालत. स्मिथची वीट म्यूझियमच्या संग्रहांत ३३७५ या क्रमांकानें नोंदलेली आहे; त्यापुढें कुयुंजिकचें आद्याक्षर आहे. आणि तो सतरा ओळींचा, भलत्याच कथेचा निघालेला तुकडाही तेथेंच आहे. त्याचा क्रमांक ४२. त्यापुढें कोणा राजाचें किंवा गांवाचें नांव नाहीं. ‘डेली टेलिग्राफ’चीं डी. टी. हीं दोन अक्षरें आहेत.